धाडकन लावलेला खण

माझी धाकटी जाऊ मला कधीच आवडली नाही. बोलणं फटकळ, आणि चिडली की कपाटाचे खण धाडकन लावणार. त्यात आम्ही दोघी एकाच गणित विभागात: मी कार्यालयात, ती प्रबंध लिहायला. म्हणजे घरीदारी तीच.

तिचे मार्गदर्शक, आमचे साहेब, एका शोधावर मोठे झाले होते. जमिनीची कंपनं मोजणाऱ्या यंत्रांच्या आकड्यांचा त्यांनी भलामोठा चौकोनी तक्ता मांडला होता. आकडे निव्वळ योगायोगाचे असले, तर तक्त्याची आयगेन मूल्यं, म्हणजे त्याचा स्वभाव सांगणारे आकडे, एका ठरावीक सीमेत राहतात. साहेबांची दोन मूल्यं बाहेर पडली. जमिनीखाली काहीतरी हलतंय, असं जाहीर करून त्यांनी हारतुरे घेतले.

जाऊबाईंनी नेमकी ती सीमाच उकरून काढली. आकड्यांचा एकमेकांशी संबंध नसेल तरच ती खरी. संबंध असला की ती रुंदावते आणि साहेबांची दोन्ही मूल्यं निमूट आत येतात. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण हेच होतं. ते गाळ आणि पदवी घे, असं साहेबांनी बजावलं. माझ्या दिराने तिच्यापुढे हात जोडले, सासूबाईंनी अबोला धरला, मीही चार शब्द सुनावले. बाई ढिम्म हलली नाही.

तोंडी परीक्षा साहेबांच्या त्या यंत्रांच्या प्रयोगशाळेतच झाली. समितीतले पाचही जण साहेबांचे जुने विद्यार्थी. यंत्रं वेगवेगळी, मग आकड्यांचा संबंध येईल कुठून, असं एकाने कुत्सितपणे विचारलं.

यंत्रं पहिल्यापासून एकाच लांबलचक टेबलावर ओळीने मांडलेली होती. जाऊ तिथे गेली आणि तिने टेबलाचा खण धाडकन लावला. यंत्रांना जोडलेल्या पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम उडाल्या. मी मागे पाण्याचे पेले घेऊन उभी होते. त्या आवाजाने मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

साहेब लालबुंद झाले. प्रकरण गाळावं असं ज्यांचं मत असेल त्यांनी हात वर करा, म्हणाले. पाचही जणांनी आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हात वर केले.

"पाच विरुद्ध एक," साहेब म्हणाले.

"पाच कुठले?" ती म्हणाली. "हेही एकाच टेबलावरचे आहेत."

पदवी मिळाली नाही. संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातले सगळे खण एकामागून एक आपटले. सासूबाई ओरडायला उठल्या, तेव्हा मीच त्यांना हाताला धरून खाली बसवलं.