हाळातली सून

शेवाळावरून पाय घसरून पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण शेवाळावर जीव जडून कामातून गेलेला माणूस शिरूर-दौंड दोन्ही तालुक्यांत एकच, माझ्या धाकट्या जावेचा भाऊ! दौंडला कॉलेजात शिकवायचे आणि सुट्टी लागली की आमच्या निमोण्याला. बहिणीच्या मायेनं येतात असं आम्ही आधी समजत होतो. पण हे पाहुणे चपला काढायच्या आत रांजणात डोकावायचे. "वा! काय हिरवंगार!" जाऊ बिचारी शरमेनं अर्धी व्हायची; हिरवा रांजण कुठल्या बाईनं मिरवावा? शेजारच्या इनामगावला लोक उत्खननातली जुनी खापरं बघायला यायचे, हे घोड नदीत गुडघाभर उतरून शेवाळाचं गोंडाळ गोळा करायचे. खिशात पेनाऐवजी चमचा. एका लग्नाच्या पंगतीत तोच चमचा काढून ते मठ्ठा प्यायला लागले, तर शेजारचे दोघं भरल्या पानावरून उठले.

शाळा मी फार पाहिली नाही, पण त्यांचा विषय विचारा मला! "आक्का," ते सांगायचे, "शेवाळाच्या पेशीत हिरवा कण असतो ना, हरितलवक, तो मूळचा तिथला नव्हेच. कोट्यवधी वर्षांमागं तो बाहेर मोकळा राहणारा जीव होता. एका पेशीनं त्याला गिळलं, पण पचवलं नाही. तो तिथं नांदायला लागला. सून आली म्हणा की घरात!" सुनेनं येताना आपली जनुकं आणली, म्हणजे माहेरचं रुखवतच. पिढ्यानुपिढ्या ते एकेक करून सासरच्या कोठीत गेलं, थोडं मात्र तिनं स्वतःपाशी ठेवलं. कोणत्या शेवाळात किती दिलं, किती ठेवलं, त्यात काय बदललं, हे ताडून बघायचं, हीच त्यांची पीएच.डी.ची डॉक्टरकी. सांगताना आवाज असा चढायचा की गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची. आणि तेव्हापासून प्रत्येक शेवाळाला ते 'सून'च म्हणायचे.

त्यातली एक फार लाडकी. वेशीबाहेर गुरांना पाणी पाजायचा दगडी हाळ होता. त्याच्या तळाच्या कोपऱ्यात पांढुरका, बुळबुळीत थर साचायचा. तेही शेवाळच, पण हिरवेपणा गमावलेलं. "उन्हावर पोट भरायचं हिनं कधीच सोडलं, तरी माहेरची पुरचुंडी सोडली नाही, आक्का! काय असेल तीत?" त्या पुरचुंडीतली जनुकं अक्षर-अक्षर वाचता यावीत यासाठी त्यांनी तो थर दौंडला नेऊन काचेच्या नळ्यांत वाढवला होता. आणि नेमकं भारनियमनात यंत्रं बंद पडून सगळ्या नळ्यांवर बुरशी चढली. इतक्या वर्षांचं काम गेलं! त्यात दुसऱ्या दिवशी पोळा. म्हणजे आमच्याकडं गडी हाळ घासून चुना लावणार!

त्यांनी घाईघाईनं किराणा दुकानदार आप्पांना फोन लावला. "माझ्या बहिणीकडं निरोप द्या, सून गेली! आता एकच उरलीय, हाळात. मी येतोय!" लाइनीत खरखर, त्यात 'ह' विरला, 'ळ'चा 'ड' झाला. आप्पांनी ऐकलं, आडात. दुकान उघडं टाकून ते ओरडत सुटले, "पळा, सून आडात पडली!"

"आवो पर कुणाची?"

"ते न्हाई सांगितलं!"

झालं! आड गावाच्या मधोमध. हाळ घासणारे गडी खराटे टाकून तिकडं पळाले. कुणी दोर आणला, कुणी गळ. ज्या सासवांनी जन्मात सुनेला धड नावानं हाक मारली नव्हती, त्या "सुमे, आगं बाई माझे, कुठं हाईस गं?" करत गल्लोगल्ली फिरायला लागल्या. सुमी रानात खुरपत होती; हाक ऐकून तीच घाबरली, की सासूला काय झालं म्हणून! रानातली शेवटची सून घरी येईस्तोवर आडात गळ फिरतच होता.

एवढ्यात धुळीनं माखलेले पाहुणे मोपेडवरून आले. "काय झालं?"

"तुमी फोनवर सांगितली ती तुमची सून काढतोय न्हवं!"

"माझी? अहो, माझं लग्न कुठं झालंय!"

मग उलगडा झाला, आणि पाहुणे वेशीकडं असे धावले की चप्पल मागंच राहिली. हाळ रिकामा, घासलेला, तीन कोपऱ्यांना चुना. चौथ्यात खराटा टाकलेला, आणि त्याच्याखाली तो पांढुरका थर, हातभरसुद्धा नाही. गुडघ्यावर बसून त्यांनी तो चमच्यानं बाटलीत घेतला. आमचे शेजारी आबा, मेंढरं राखण्यात जन्म गेलेले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हिच्यापायी काळीज तोंडात आलं व्हय आमचं? दावा तरी!" बाटली हातोहात फिरली. सुमीच्या सासूनं ती उजेडात धरून निरखली. "रंगानं उजळ हाय पर."

पुढं कितीतरी महिन्यांनी आप्पांच्या दुकानात माझ्या नावानं फोन आला. "आक्का, वाचता आलं! सगळं वाचता आलं!" आणि ते जनुकांची ती अक्षरंच वाचून दाखवायला लागले, "ए, टी, टी, ए, ए, टी..."

मधेच मी विचारलं, "मग का ठेवलं हो तिनं एवढं जपून?"

पलीकडं आवाज जरा खाली आला. "ते नाही अजून कळलं, आक्का." आणि ते पुन्हा वाचायला लागले, सावकाश, एकेक अक्षर. आप्पा खुणेनं विचारत होते, काय म्हंत्यात? मी त्यांना हातानंच गप्प केलं आणि ऐकत उभी राहिले.