मेथीला यमक

कार्डांचा तो गठ्ठा मी एकदा उल्हास नदीत फेकणार होते. नुसतं बोलायला नाही, खरंच पिशवीत घालून जिना उतरलेले. खाली आल्यावर लक्षात आलं की शहाडच्या पुलापर्यंत जाऊन यायचं तर यांच्याजवळ कोण बसणार? मग तशीच परत वर आले, गुडघे चोळत.

हे म्हणजे माझा नवरा. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण बोलायला गेले की तोंडातून एकच शब्द यायचा, ‘नाही’. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पण या माणसाने वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवता चालवता गाणी रचली. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीने दर जयंतीला यांचीच गाणी म्हटली. बारशाला, लग्नाला लोक मुद्दाम यांच्यापुढे शब्द टाकायचे. कुणी म्हणायचं, ‘मामा, चप्पल.’ हे जरा वेळ छताकडे बघायचे आणि चपलेवर चार ओळी तयार. पोरं शिट्ट्या मारायची. मला तेव्हा त्या शिट्ट्यांचा वैताग यायचा.

वाचेचे उपचार करणारी मुलगी कल्याणला बसते, माझ्या नातीच्या वयाची. तिने ती कार्डं दिली. एकेका कार्डावर एकेक विषय छापलेला. बाजार, प्रवास, सण, माझं घर. म्हणाली, ‘आजी, रोज दुपारी एक कार्ड काढायचं. आजोबांनी त्यावर जमेल तसं बोलायचं, नाहीतर डाव्या हाताने लिहायचं. विषय समोर असला की शब्द गोळा व्हायला लागतात. आत्ता मेहनत घ्या, पुढे पुढे कठीण जातं.’

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. शब्द यायचे असतील तर आत्ताच, नाहीतर उरलेलं आयुष्य ‘नाही’वर काढायचं.

रोज दुपारी मी कार्ड धरायचे आणि हे भिंतीकडे तोंड करायचे. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. ज्याला लोक हौसेने शब्द द्यायचे, त्याला आता मी पहिलीतल्या पोरासारखं ‘बाजार’ दाखवत होते. पण माझी काय अवस्था होती? सकाळी यांना उठवायचं, पुसायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. मुलगा बाहेरगावी, महिन्यातून एकदा येतो, फोनवर रोज विचारतो, ‘आई, तू बरी आहेस ना?’ मी म्हणते, मला काय धाड भरलीय. फोन ठेवला की पाठ धरून बसते. एवढं सगळं उरकून दुपारी कार्ड धरायचं आणि या बाबाने भिंतीकडे बघायचं. कुणाचंही डोकं फिरेल.

एके दिवशी फिरलंच. बाजाराचं कार्ड होतं. मी म्हटलं, ‘नका बोलू, मीच करते कविता.’ मी जन्मभर टायपिंग केलं, यमक कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. यांच्याच एका गाण्याच्या चालीवर मोठ्याने सुरू केलं, ‘गेले मी बाजारात, घेतली मेथी, निवडता निवडता संपला दिवस.’

यांनी असं तोंड केलं की जणू जिभेखाली कारलं ठेवलंय. ‘नाही,’ म्हणाले. मी मुद्दाम परत तसंच म्हटलं. मग यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर ठेका धरायला लागला. ‘नाही, नाही.’ मी तिसऱ्यांदा ‘निवडता निवडता’ म्हणून श्वास घ्यायला थांबले, आणि हे म्हणाले, ‘रे... ती.’

निवडता निवडता निघाली रेती. मी जुडी न बघता आणते, हे यांचं जुनंच दुखणं. मला हसूही आलं आणि रडूही. मी तशीच उठून त्यांचं डोकं पोटाशी धरलं.

तेव्हापासून माझी हीच पद्धत. कार्ड काढायचं, विषयाची पार वाट लावायची आणि शेवटचा शब्द मोकळा सोडायचा. वाईट ओळ यांच्याच्याने ऐकवत नाही. रोज जमायचं असं नाही. कधी आठ-आठ दिवस नुसतं ‘नाही’ चालायचं. मीही मग कार्ड आपटून उठायचे. पण अधूनमधून एखादा शब्द यायचा.

मागच्या महिन्यात ‘माझं घर’ निघालं. त्या दिवशी सकाळी पाणी आलं नव्हतं, खालून दोन हंडे वर आणलेले. मी म्हटलं, ‘दोन खोल्यांचं घर, दाराला कडी, म्हातारा खुर्चीत, म्हातारी...’ आणि थांबले. मला वाटलं, हे ‘वेडी’ म्हणणार. लग्न झाल्यापासून मला तेच म्हणत आलेत.

मग म्हणाले, ‘दमली.’

‘अहो, कडीला यमक द्या.’

‘दमली,’ परत म्हणाले. माझ्याकडे बघून.

इतक्या महिन्यांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिथेच चटईवर आडवी झाले. म्हटलं, पाच मिनिटं पडते, यांनी खुर्ची वाजवली की उठेन. एरवी हे मला टेकू देत नाहीत. तासाभरात लघवीला न्यावं लागतं, त्यासाठी खुर्ची वाजवतात.

जाग आली तेव्हा खोलीत अंधार पडायला लागलेला. मी धडपडत उठले. हे होते तसेच खुर्चीत बसलेले. लुंगी भिजलेली, खाली फरशीवर ओघळ आलेला. जवळ स्टीलचा पेला होता, डाव्या हाताला सहज लागेल असा. तोही वाजवलेला नव्हता.

मी ओरडलेच. ‘अहो, उठवलं का नाही मला? असं ओल्यात बसायचं?’

त्यांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. मी ना कार्ड धरलं होतं ना ओळ सुरू केली होती.

‘झोप... तू,’ म्हणाले.