मामांच्या कादंबरीतला आठवा खेळाडू

ऑपरेशन थिएटरच्या शेजारच्या खोलीत मामांनी सव्वीस वर्षं लोकांना जागं करण्यात घालवली. भूल देणं डॉक्टरांचं काम. ती उतरेपर्यंत पेशंटच्या उशाशी बसणं वॉर्डबॉय मामांचं. हिरवे पडदे, अर्धवट उजेड, आणि पांढऱ्या चादरींखाली कुठेतरी लांब निघून गेलेली चार-पाच माणसं. केसपेपरवरच्या नावाने हाका मारल्या तर ही माणसं ओ देत नाहीत, हे मामांना पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून ते आधीच नातेवाइकांना विचारून ठेवत, "घरी काय म्हणता यांना?" मग कंपनीतले मोठे साहेब 'बाळ्या' म्हटल्यावर डोळे उघडत, आणि कडक मुख्याध्यापिका 'छबू' म्हटल्यावर लाजून हसत.

पण पुरतं शुद्धीवर येण्याआधी माणूस उंबरठ्यावर जरा रेंगाळतो. तेव्हाचं त्याचं बोलणं ना इकडचं असतं ना तिकडचं. एक जण म्हणाला, माझे बूट नदीने नेलेत, संध्याकाळी ती परत द्यायला येणार आहे. एक आजी पडद्याला जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवत होत्या. मामा ऐकत, सुकलेल्या ओठांना पाणी लावत आणि बाहेर येऊन ब्र काढत नसत. फक्त खिशातल्या चिठोऱ्यांवर लिहून ठेवत. एवढं एकच पाप त्यांच्या हातून घडत होतं.

त्या चिठोऱ्यांची कादंबरी झाली ती भाचीमुळे. तिने एकदा मामांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून त्यांना व्हर्च्युअल गेममध्ये सोडून दिलं. मामा आत ढगांवरून चालले होते आणि बाहेर कपाटावर जाऊन आपटले. कपाळावरचं टेंगूळ उतरलं, गोष्ट मात्र डोक्यात राहिली. नऊ खेळाडू गेममधल्या धुक्याच्या शहरात शिरतात. प्रत्येक पातळीवर एकेक गोष्ट विसरायची: आधी पत्ता, मग काम, शेवटी घरचं नाव. ते गेलं की परतीचं दार बंद. प्रकाशकांनी दाद दिली नाही, तेव्हा मामांनी पदरमोड करून पुस्तक स्वतःच छापलं आणि हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बिस्किटांच्या बरण्यांशेजारी प्रती मांडल्या. सिस्टर त्यांना "लेखकमहाशय, स्ट्रेचर आणा" म्हणू लागल्या. मामा खूश होते, पण कुणी पुस्तक उचललं की ते कॅन्टीनमधून काढता पाय घ्यायचे. शुद्धीत नसलेल्या माणसांचं बोलणं आपण छापलंय हे बाहेर फुटलं, तर नोकरी जाणार, आणि लोकांचा विश्वास तिच्याआधी जाणार.

एका दुपारी एक बाई लंगडत खोलीच्या दारात आल्या. साठी उलटलेली. गुडघा दाखवायला आल्या होत्या म्हणे, नंबर येईना म्हणून पुस्तक घेऊन वाचत बसल्या. एकशे बाराव्या पानात बोट घातलेलं होतं.

"मामा, हा तुमचा आठवा खेळाडू. 'छत्रीत चिमणी झोपलीय. हिला सांगा, छत्री उघडू नकोस.' हे तुम्हाला सुचलं?"

मामांनी हातातली चादर घडी न घालताच खाली ठेवली.

"तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन इथेच झालं," बाई म्हणाल्या. "उशाशी तुम्हीच होतात. लग्न झालं त्या वर्षी खुंटीवरच्या छत्रीत चिमणीने घरटं केलं होतं. पिल्लं उडेपर्यंत आम्ही दोघं भिजत ये-जा केली. तिसऱ्या माणसाला हे ठाऊक नाही. पण पुढे चाळीस वर्षं ह्यांनी कधी विषयच काढला नाही. गेल्या वर्षी गेले. मला वाटायचं, विसरले असतील."

'सुचलं' एवढा एक शब्द पुरला असता. कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. मामांनी तो जिभेवर आणलासुद्धा. पण मग ही बाई नुसता योगायोग घेऊन घरी जाणार होती.

"त्यांनीच म्हटलं, ताई. मी अप्पा म्हणून हाक मारली तेव्हा. मी लिहून घेतलं, ते घ्यायला नको होतं. तुम्ही तक्रार केलीत तर मी नाकारणार नाही."

बाई हळूच स्टुलावर बसल्या. डोळे भरून वाहू लागले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. पडद्यामागे कुणीतरी झोपेतच हसलं, आणि क्षणभर दोघांनीही तिकडे वळून पाहिलं.

"आणि पुढची ओळ? 'तिच्या सोबतीत माझा जन्म चांदण्यासारखा गेला.' हेही तेच म्हणाले?"

ती मामांची सगळ्यात लाडकी ओळ. पंधरा दिवस घासून लिहिलेली, भाचीने पाठ केलेली. इथे खोटं बोलणं पुण्याचंच ठरलं असतं.

"नाही," मामा म्हणाले. "ती माझी."

बाई रडता रडता खो खो हसत सुटल्या. "वाटलंच मला! भाजीत मीठ नाही हे सांगायला ज्यांना दोन दिवस लागायचे, ते कुठले चांदण्यात शिरतायत!"

हसण्याच्या आवाजाने सिस्टर डोकावल्या. "काय चाललंय मामा? कोण या?"

"पुस्तक आवडलं, म्हणून भेटायला आले," बाईंनी परस्पर सांगून टाकलं. सिस्टर गेल्या. बाईंनी हात लांब करून मामांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"नीट धरा हो, हलवू नका," त्या म्हणाल्या.

मामांनी दोन्ही हातांनी पुस्तक धरलं, आणि बाईंनी नवऱ्याच्या तोंडी घातलेली ती गोड ओळ पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत खोडली.