आबांच्या बॅनरवरची मोकळी जागा

लग्न होऊन काष्टीला आले तेव्हा मालक पाट्या रंगवायचे. पुढं त्यांनी फ्लेक्सचं दुकान टाकलं. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून मला मागच्या खोलीतलं काम दिलं. नगरहून छापून आलेलं बॅनर लाकडी चौकटीवर ताणायचं आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्या. गावातल्या सगळ्या वाढदिवसांची तोंडं माझ्या हाताखालून गेलीत. मधे ज्याचा वाढदिवस तो, गॉगल लावून. मागं वाघ, नाहीतर विजा. खाली शुभेच्छुक, बाजारच्या टेम्पोत बसल्यासारखे एकमेकांच्या अंगावर. बोटभर जागा सुटली तरी गिऱ्हाईक म्हणायचं, "हितं काय मोकळं ठिवलंय? आमच्या साडूचा फोटो बसतोय की."

मला ते बघवत नसे. पण मला विचारतंय कोण.

माझी हौस रांगोळीची. लेकीला मी एवढंच शिकवलं, की रांगोळी काढून झाली की उठायचं, रस्त्यापर्यंत जायचं, तिथून वळून बघायचं. मग परत येऊन त्यातलं एक काहीतरी पुसायचं. शेजारीण म्हणायची, "रंग संपला व्हय गं? मागायचा की." पोरगी हसायची आणि पुसायची. पुढं पुढं काय पुसायचं ते माझ्याआधी तिला दिसायला लागलं. फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यांच्या पाठीवर ती अक्षरं काढत बसायची. कधी दिवसभर नुसता एक 'अ'. मी ते तुकडे भांड्यांच्या फळीवर लावून ठेवायचे. मालक म्हणायचे, "पुरवा लाड. माझं फ्लेक्स नासवा."

बारावीनंतर ती दुकानात कॉम्प्युटरवर बसू लागली. नगरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं तिच्या मनात होतं. मालक नाही म्हणाले नव्हते. "लगीनसराई उरकू दे, मग बघू," एवढं म्हणाले होते. तेवढ्या शब्दावर आम्ही दोघी होतो.

त्याच दिवसांत मालक कोल्हारला बहिणीकडं गेले, आणि दुकानात आबांचा मुलगा आला. आबा म्हणजे गावातले जुने बागाईतदार, सगळे त्यांना मानायचे. त्यांचा वाढदिवस होता. मुलगा घाईत होता. फोटो दिला आणि म्हणाला, "तुझ्या मनानं कर, पन उठून दिसलं पायजे."

तुझ्या मनानं कर असं तिला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

तिनं सगळं बॅनर पांढरं ठेवलं. एका बाजूला आबा, उसाच्या कडेला उभे, फेटा बांधलेला, नजर मोकळ्या बाजूला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत शुभेच्छा. वाघ नाही, साडू नाही. चौकटीवर ताणताना मी चुका मारायचं विसरून बघत राहिले. वाटलं, आबा खरंच कुठंतरी लांब बघतायत, आणि आपणही बघावं.

बाजाराच्या दिवशी ते चौकात लागलं. आमच्याकडं एकटा फोटो आणि मोकळी जागा असलेलं बॅनर एकाच कारणानं लागतं, हे मला आणि तिला दोघींनाही सुचलं नाही. आम्ही चांगलं दिसतंय का तेवढंच बघत होतो. गाडीवरून जाणाऱ्याला खालची बारीक अक्षरं कुठली दिसणार. दुपारी आबांचे व्याही जीप भरून आले. बायकांनी दारातूनच गळा काढला. आबा ओट्यावर चहा पीत बसलेले. म्हणाले, "कोन गेलं वं?"

गाव पोट धरून हसलं. आबांचा मुलगा नाही हसला. त्यानं बॅनर फाडून त्यातला एक तुकडा दुकानात आणून टाकला. मालक कोल्हारहून परत आले होते. त्याच्यासमोर ते पोरीला म्हणाले, "मेलेलं आन् जितं कळंना, आन् कॉलेजात जायचं म्हनं." तिनं उठून कॉम्प्युटर बंद केला. मी दारामागं उभी होते ती तशीच राहिले. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरवर दिराचा मुलगा बसला. लगीनसराईत शेवटचं लग्न तिचंच लागलं, नेवाशाकडं. तिची पत्रिका दिराच्या मुलानं केली. वर मोर, कडेला द्राक्षं, चुलत्यांची सगळी नावं. तिनं ती एकदा बघून घडी करून ठेवून दिली.

भांड्यांच्या फळीवरचे तुकडे मालकांनी गळक्या पत्र्याला लावले.

या वर्षी आबा खरंच गेले. त्यांचा मुलगा दुकानात आला, तोंड उतरलेलं. दिराच्या मुलानं बॅनर करून दाखवलं. ढग, पणत्या, हार आणि शोकाकुल मंडळींच्या नावांची रांग. आबांचा मुलगा ते बघून म्हणाला, "हे नगं. तुमच्या पोरीनं केल्तं ना, ते काढा. आबांना ते लई आवडलं हुतं. फाटून ऱ्हायलेलं घडी घालून पेटीत ठिवल्तं. म्हनायचे, आपल्याला कुनीतरी नीट बघितलं."

मी आत चुका मारत होते. हात थांबला. एवढी वर्षं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या दारावरून रोज जाता येता कुणाच्या तोंडून निघालं नाही. निघालं ते गरज पडल्यावर.

कॉम्प्युटरवर ते बॅनर सापडेना. मालक आत येऊन म्हणाले, "तू लाव तिला फोन. माझ्याशी धड बोलत न्हाई ती."

मी फोन लावला. आबा गेल्याचं सांगितलं, ते काय म्हणायचे तेही सांगितलं. तिकडं कुकरची शिट्टी झाली.

"ते न्हाई आता मम्मी. तवाच पुसून टाकलं."

"मग सांग की कसं करायचं. तुझ्या ध्यानात असंल."

"काय सांगायचं त्यात. फोटो मधे घ्या. आन् कडंनं फुलं टाका जरा, न्हाईतर लई मोकळं दिसंल."

ती टोचून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती टोचून बोलत नव्हती. शेजारणीला भाजीत मीठ किती ते सांगावं, तसं सांगत होती.

"काय म्हनती?" मालकांनी विचारलं.

"फुलं टाका म्हनती," मी म्हणाले.

"बघ," ते म्हणाले, "संसाराला लागल्यावर येती अक्कल." आणि फुलं टाकायला सांगायला बाहेर गेले.