मागच्या सीटवर कच्ची मूर्ती

ते आधी मागचं दार उघडत.

शोरूममध्ये गाडी बघायला आलेला माणूस काय करतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. तो थेट पुढे बसतो, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवतो आणि समोरच्या काचेतून असा काही बघतो, की गाडी उभी आहे हे तो विसरूनच जातो. हे गृहस्थ मागचं दार उघडत, दार आणि सीट यांच्यातली जागा वितीने मोजत, मग वाकून सीटवर तळवा दाबत आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहत.

"गाडी मागनं बघायची गो," ते म्हणत. "पुढं बसणाऱ्याला सगळ्याच बऱ्या वाटतात."

पेणला हायवेवरच्या एका शोरूममध्ये मी लहान गाड्या विकते. आमची गाडी सगळ्यांत स्वस्त, त्यामुळे माझ्याकडे येणारे बहुतेक लोक आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला येतात आणि लाजतात. हे लाजले नाहीत. मार्गशीर्षातली सकाळ होती. मी माझं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, अ‍ॅव्हरेज, एअरबॅग, डिकी. पूजेला बसलेला यजमान गुरुजींचे मंत्र ऐकतो तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मागच्या सीटवर ठेवलं. फडकं सोडलं, तर आत वीतभर उंचीची, शाडूची कच्ची गणेशमूर्ती. रंग नाही, डोळे नाहीत.

आमच्या मॅनेजरने लगेच चपला काढून हात जोडले.

"अजून देव नाय तो," हे म्हणाले. "माती हाय. डोळे आखले की मग."

ते आखणी करत. पेणमध्ये गणपतीचे कारखाने कुठे आहेत हे विचारू नये, कुठल्या गल्लीत नाहीत ते विचारावं. अशाच एका कारखान्यात हे चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे काढत होते. त्याआधी काही वर्षं मूर्तींचा टेम्पो चालवलेला, म्हणून गाडीला हात सराईत होता.

आमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत यायचं. ते म्हणाले, कासूपर्यंत जाऊ. मी नाही म्हणणार होते, पण कारण ऐकलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्यांच्या बायकोचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्का बसता कामा नये. काकींचं माहेर अष्टमी गावात, रोह्याहून कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की पलीकडे. तिथे त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. ती इकडे येऊ शकत नव्हती, या तिकडे जाऊ शकत नव्हत्या. तीन वर्षं दोघींची भेट नव्हती.

"फोनवर बोलतात," ते म्हणाले. "बोलणं संपतं, तरी फोन ठेवत नायत. दोघी नुसत्या कानाला लावून बसतात."

"पण काका, मूर्ती कशाला?"

"पक्की मूर्ती कशातनंबी जाते. कच्ची सांगते, धक्का कुठं बसला ते. हिच्यासाठी गाडी घ्यायची, तर हिला विचारून कसं चालंल? ही बोलणार, काय दुखत नाय."

मूर्तीखाली पेंढाही घातला नाही. पेंढा घातला तर गाडीचं काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. निघण्याआधी त्यांनी आतला आरसा खाली वळवला, इतका की त्यात मागची काच दिसेना, फक्त सीट आणि सीटवरची मूर्ती.

"काका, मागून येणारी गाडी दिसणार नाही."

"बाजूला दोन आरसे हायत की."

तो प्रवास मला आजही आठवतो. ताशी पंचवीसच्या वेगाने मी त्याआधी हायवेवरून कधी गेले नव्हते. हिवाळ्याचं कोवळं ऊन, दूरवर खाडीच्या बाजूला धुक्यात तरंगणारी मिठागरं, भात कापून झालेल्या शेतांत वालाचा हिरवा पसारा. रेडिओ बंद. मागून ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते आणि त्यांचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटत होता. हे आरशात बघत होते. मला चक्क डुलकी लागली. गिऱ्हाइकाशेजारी झोपलेली मी बहुधा पेणमधली पहिलीच सेल्सवाली असेन. कासू स्टेशनच्या अलीकडे, जिथे हायवेचं काम चाललेलं असायचं, तिथे गाडी हलकेच आदळली.

"ही नाय," ते शांतपणे म्हणाले.

मूर्तीच्या मनगटाला चीर गेली होती. मला वाईट वाटलं. त्यांना नाही. घरी जाऊन ते ती माती भिजवत आणि पुन्हा तीच मूर्ती घडवत.

मग सुरू झाली तुलना. आमच्या समोरच्या शोरूममधली गाडी जरा महाग, पण उंच. तिचं मागचं दार आमच्यापेक्षा अर्धी वीत जास्त उघडायचं. तिच्यात सोंडेला चीर गेली. रोह्यात एक तिसरी होती, तिची सीट इतकी मऊ की मूर्ती तडकली नाही, नुसती आडवी झाली आणि कान गेला. प्रत्येक वेळी ते मला येऊन सांगत, अगदी प्रामाणिकपणे, जणू मी त्या सगळ्या गाड्यांच्या घरातलीच होते. एकदा तर मला म्हणाले, "तू चल समोरच्यांकडं. तुला कळतं." आणि मी तोंडाला ओढणी बांधून, आमच्याच स्पर्धकाच्या शोरूममध्ये, त्यांची पुतणी म्हणून गेले. तिथल्या मुलाने मला आमच्या गाडीचे सगळे दोष समजावून सांगितले. बरेचसे खरे होते.

असे महिने गेले. आमची गाडी त्यांनी चार वेळा नेली. जिते गावाकडे नेली, रोह्याच्या बाजूला नेली, कधी डावीकडच्या सीटवर मूर्ती, कधी मध्ये. दर वेळी कुठेतरी चीर. माझा मॅनेजर माझ्याकडे बघून हसायचा बंद झाला होता. शेवटी वैशाखातल्या एका दुपारी मी चिडले.

"काका, कच्ची माती कुठल्याच गाडीत टिकणार नाही. आणि काकी मातीच्या नाहीत."

त्यांनी मूर्तीभोवती फडकं गुंडाळलं आणि गेले. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी दारात एक रिक्षा थांबली. कमरेला जाड पट्टा बांधलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई रिक्षाचा दांडा धरून सावकाश उतरल्या. आत आल्या आणि मलाच विचारलं, "मूर्ती बसवून बघतात ती गाडी कुठली?"

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"सहा महिने हे मातीला गाडीत बसवून बघतायत," काकी म्हणाल्या. "मला एकदा बसवून बघावं, असं कोणाच्या डोक्यात आलं नाय."

खरं सांगते, मला शरम वाटली. माणसांना गाडीत बसवण्याचाच माझा पगार, आणि माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

मी फोन केला. ते कारखान्यातून तसेच आले, बोटांना काळा रंग, बगलेत फडक्यातली मूर्ती. काकींना मागच्या सीटवर बसलेलं पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"आज नको. ऊन हाय."

"ऊन तर ऊन," काकी म्हणाल्या. "ताई वाट बघतेय. मी सांगून आलेय तिला."

मॅनेजरला काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण आम्ही निघालो. यांनी सवयीने आरसा खाली वळवला आणि मूर्ती काकींच्या शेजारी ठेवली. पहिल्याच वळणावर काकींनी ती उचलून मांडीवर घेतली. मी पुढच्या सीटवरून मान वळवून बघत होते. खड्डा दिसला की त्या दोन्ही हातांनी मूर्ती जराशी वर उचलत आणि गाडी स्थिरावली की खाली घेत. झोपलेल्या तान्ह्याला घेऊन बसलेली बाई असंच करते, तिला ते सांगावं लागत नाही. कासू गेलं, नागोठणं गेलं, गाडी रोह्याच्या रस्त्याला लागली. खिंडीत झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या. हे एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशात ठेवून गाडी नेत होते, आणि काकीही मधूनमधून आरशात बघत होत्या. त्या आरशात त्यांचं काय बोलणं चाललं होतं, ते मला शेजारी बसून कळणं शक्य नव्हतं.

पुलाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली.

"दुखतंय काय?"

"दुखतंय," काकी म्हणाल्या. "चला."

कुंडलिकेला ओहोटी होती. पुलावरून जाताना काकी खिडकीतून पाण्याकडे बघत राहिल्या. लहान मुलीसारख्या त्यांनी काचेवर बोट ठेवलं होतं.

घरासमोर काकींना उतरवायला आम्ही दोघं लागलो, कारण आमच्या गाडीची सीट खाली आणि दार अरुंद. त्यांचा चेहरा पिळवटला तेव्हाच मी मनात ठरवलं होतं. आत खिडकीपाशी पलंगावर थोरली बहीण होती. ताईंनी हात लांब करून काकींच्या कमरेचा पट्टा चाचपून बघितला, काकींनी त्यांच्या मांडीवर मूर्ती ठेवली, आणि मी बाहेर आले, कारण मला रडू येत होतं.

हे आत आले नव्हते. गाडीच्या मागच्या सीटवर, काकी बसल्या होत्या त्याच जागी, डोळे मिटून बसले होते.

"मूर्तीला कुठं चीर गेली?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही."

त्यांनी डोळे उघडले. मग सीटवर तळवा थोपटून म्हणाले, "गाडी चांगली हाय तुमची."

आता या माणसाला काय सांगायचं? रात्रंदिवस डोळे काढणाऱ्या या कारागिराला मूर्ती कोणाच्या हातात होती ते दिसलंच नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "काका, समोरच्यांची घ्या. उंच आहे, दार मोठं आहे. काकींना उतरायला बरी पडेल." मॅनेजर पुढे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचंही बरोबरच होतं.

त्यांनी ती घेतली. मग दर गुरुवारी सकाळी ती लहानशी राखाडी गाडी आमच्यासमोरून रोह्याकडे जायची, पंचवीसच्या वेगाने, आणि मागे वैतागलेल्या गाड्यांची रांग. एकदाच हॉर्न वाजायचा. मी काचेतून हात करायचे. ती मूर्ती ताईंच्या उशाशीच राहिली, बिनडोळ्यांची. आखून देतो म्हणाले, तर ताई म्हणाल्या, राहू दे, अशीच बरी आहे.

दीड वर्ष असं चाललं. मग गेल्या माघात काही गुरुवार हॉर्न वाजला नाही. ते गेल्याचं मला कारखान्यातल्या एकाने सांगितलं, आमच्याकडे गाडीची चौकशी करायला आला होता तेव्हा, बोलता बोलता. मी त्याला पुढचं दार उघडून दिलं आणि आत जाऊन पाणी प्यायले.

चैत्रात एका गुरुवारी ती गाडी आमच्या दारात येऊन थांबली. ताईंची मुलगी चालवत होती. ती अष्टमीला शाळेत शिकवते आणि चांगली उंच आहे. मागे काकी.

"सुट्टी हाय काय गो आज? चल. ताई तुझी आठवण काढते."

सुट्टी नव्हती, पण गेले. मी पुढचं दार उघडणार, तोच काकींनी शेजारच्या जागेवर हात ठेवला. इतके दिवस गाड्या विकल्या, पण मागच्या सीटवर बसून त्या रस्त्याने मी कधी गेलेच नव्हते. मागून सगळं उशिरा येतं. वाल काढलेली शेतं, मिठागरं, रूळ, आधी पुढे बसलेल्याच्या खांद्यांना लागून मग आपल्यापर्यंत पोहोचतात.

आतला आरसा तसाच खाली वळवलेला होता.

"सरळ कर ना तो," मी काकींच्या भाचीला म्हणाले.

"मावशी करू देत नाय," ती म्हणाली. "मी बाजूच्या आरशांवर भागवते."

कासूच्या अलीकडे गाडी आदळली. काकींचे दोन्ही हात मांडीवरून जरासे वर उचलले गेले, रिकामेच. आणि आम्ही दोघींनी एकदमच आरशात बघितलं.

भाची उंच. आरशात, जिथे काकांचे डोळे दिसायचे, तिथे तिच्या ओढणीची निळी कड दिसत होती.