आईला कुणी विचारलंच नव्हतं

मस्कतला निघाले त्या दिवशी लोधिवलीच्या फाट्यावर आई टॅक्सीच्या खिडकीशी आली. नवऱ्याची बदली झालेली, मलाही तिथल्या भारतीय शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळालेली. पंचेचाळिशी गाठली होती आणि पाळी बिघडली होती. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी थांबायचं नाव नाही. आई कानाशी म्हणाली, "तिकडं कुनाला सांगत बसू नको गं. समद्या बायांचं असंच असतं. गप ऱ्हायचं."

मी गप्प राहिले. भर एसीच्या वर्गात छातीपासून वाफ चढायची, मान घामानं भिजायची. सातवीला शिकवताना एकदा 'डिनॉमिनेटर' हा शब्दच आठवेना. मुलं बघत राहिली. मला वाटलं, आपलं डोकं गेलं. घरी मुलीवर खेकसायचे, मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आणि एका सकाळी प्रार्थनेला उभी असताना साडी भरली. त्याच दिवशी स्टाफरूममध्ये राजीनामा टाइप करायला घेतला.

शेजारी बसणाऱ्या रेहाना मॅडमनी स्क्रीन पाहिली. "रिज़ाइन बाद में करना, पहले डॉक्टर के पास चल," म्हणाल्या आणि स्वतःच्या गाडीतून घेऊन गेल्या.

रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, सगळं झालं. हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं. बाकी घाबरण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, पाळी जाण्याआधी काही वर्षं हार्मोन्स असे वरखाली होतात, आणि त्यावर उपाय आहेत. माझं डोकं गेलेलं नव्हतं! मी तिथंच रडले. मग लोहाच्या गोळ्या, नीट तपासून दिलेली हार्मोन्सची औषधं, समुद्रकाठी चालणं, डंबेल्स. संध्याकाळचा चहा सोडला, तेच सगळ्यात जड गेलं. सुधारायला काही महिने लागले. आज मी त्याच शाळेत गणित विभागाची प्रमुख आहे.

पुढच्या मे महिन्यात गावी आले, तर करुणा, माझ्या धाकट्या भावाची बायको, अंथरुणाला टेकलेली. साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, ते सुटलं होतं. भाऊ म्हणाला, "काय नाय ताई, आळशी झालीय." मी तिला कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. तिचंही रक्त कमी, पाळी जायची लक्षणं सुरू झालेली, शिवाय गर्भाशयात साधी गाठ. उपचार सुरू झाले. परतीच्या रिक्षात ती म्हणाली, "ताई, मला वाटलं मी मरतेय."

घरी आई फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिनं करुणाला सगळं खोदून खोदून विचारलं. मग सुरी खाली ठेवली.

"मला बी व्हायचं. वाफ चढली का विहिरीवर जाऊन बसायची मी. तुजा बा म्हनायचा, बाई खुळावली. मला कुनी इचारलंच नाय गं."

"मी विचारते आई. सांग."

आणि आई बोलत राहिली. चुलीवर चढवायच्या आठळ्या तशाच राहिल्या.

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. करुणा आता पुन्हा शिफ्टला जाते.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गावी आले, तेव्हा ओटीवर सगळी भावकी जमली होती. फराळाचं ताट आणता आणता करुणा थांबली, चेहरा लालबुंद. आईनं सगळ्यांसमोर भावाला हाक मारली, "ऊठ रं, पंखा तिच्याकडं कर. पाळी जायला आलीय तिची, वाफा येतात. आईकलंस ना?"

काकांनी चकलीकडे बघितलं. चुलतभाऊ मोबाइलमध्ये शिरले. माझा भाऊ उठला, पंखा वळवला आणि बायकोच्या हातातलं ताट घेऊन स्वतः वाढायला लागला.

मस्कतला लोक विचारतात, घरची आठवण येते का? येते. अख्ख्या भावकीसमोर मोठ्यानं बोलणाऱ्या माझ्या आईची येते.