आक्का, अनारसा का हसला?

आज पहाटे आक्का सुटल्या, असं सगळे म्हणतायत.

खरंय. माझ्या तावडीतून सुटल्या.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून नुसते जोडलेले हात. 'मायाळू.' 'प्रेमळ.' 'साक्षात अन्नपूर्णा.'

अन्नपूर्णा म्हणे!

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण त्या होत्या तेव्हा बोलले, तर कुणी ऐकलं नाही. म्हणून आज लिहिते.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा अधिक महिना. शिवाजी पेठेतल्या त्या घरात मी नवी सून. अधिकात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, आणि नणंदेचे मालक बिद्रीहून यायचे होते. मागच्या खेपेला ते मला म्हणाले होते, "वैनी, दरवेळी त्योच अनारसा. कायतर नवीन करा की."

मी मनावर घेतलं. माझा भाऊ इचलकरंजीला बेकरीत होता, त्याच्याकडून कोको पावडर आणवली. तांदूळ भिजवले, पंच्यावर सुकवले, कुटले. आपला पिवळाधमक गूळ घातला, कोको घातला आणि पीठ मुरत ठेवलं.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "धोंड्याच्या वाणात चाकलेट? द्येव काय म्हणंल?"

"द्येव न्हाय, जावई खाणार हाईत," मी म्हटलं. तेव्हाही मला तोंड होतंच.

आदल्या दिवशी दोन तळून दाखवले. चॉकलेटी पिठाचा रंग बघून काही कळत नाही. बुडबुडे विरायला लागले की काढायचा, हे माझं मी शोधलं. जाळी अशी पडली की सासूबाईंनी स्वतः दुसरा मागून घेतला.

"वाणाचं तूच तळ," म्हणाल्या.

आक्का तिथेच होत्या. तोवर त्या घरात कढई फक्त त्यांची.

दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊन सोप्यात बसले. मी खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि तुपात सोडला.

आणि अनारसा हसला.

आजकालच्या पोरींसाठी सांगते. अनारसा तुपात पसरून विरघळला की 'हसला' म्हणतात. गोड जास्त झालं की हसतो.

दुसरा हसला. तिसरा हसला. कढईत नुसता चॉकलेटचा चिखल.

"अगं बया!" आक्का सोप्यापर्यंत ऐकू जाईल अशा ओरडल्या. "पावणं, बघाय या की! शालनचं अनारसं हसाय लागल्यात!"

सगळे हसले. पावणंही हसले.

मी उरलेलं पीठ चिमूटभर तोंडात टाकलं. दाताखाली साखर कचकचली.

मी घातला होता गूळ. साखर तेव्हा रेशनची, कुलपात. किल्ली एकाच कमरेला. आक्कांच्या.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

त्या दिवसापासून माझं नाव 'हसरी' पडलं. लग्नाकार्यात आक्का माझी ओळखच तशी करून द्यायच्या. "ही आमची हसरी. हिला कढईजवळ सोडू नगासा." मला पोळ्या लाटायला बसवलं ते कायमचं. एक गोष्ट मला घरातल्या सगळ्यांपेक्षा बरी येत होती, आणि त्या बाईने तिचीच माती केली.

मी वाट बघितली.

पुढे चुली वेगळ्या झाल्या. माझे चॉकलेटचे अनारसे पेठेत फेमस झाले. मग आक्कांच्या लेकीचं लग्न झालं, जावई मिळाले गडमुडशिंगीचे, आणि त्यांचा पहिलाच अधिक आला.

आक्का माझ्या दारात. हातात रिकामा डबा.

"शालन, वाईच पीठ दे की गं. जावयाला तुझंच चाकलेटचं पायजेत. माझ्यानं जमंना."

"देते की. त्या साली साखर कुणी घातली, तेवढं सांगा."

"कसली साखर?"

"मग कसलं पीठ?"

डबा रिकामाच परत गेला. वाणाच्या ताटात बाजारचे बत्तासे पडले. जावयांचं तोंड वाकडं झालं, आणि मी समोरच्या पाटावर बसून पोटभर जेवले.

वाईट वाटलं का? नाही. आजही वाटत नाही.

तेव्हापासून दर अधिकात मी त्यांच्याकडे स्वतः वाटी घेऊन जायचे. वाटीत एकच अनारसा. "आक्का, साखर?"

त्या अनारसा खायच्या, बोटं पुसायच्या आणि म्हणायच्या, "कसली साखर?"

गेल्या आठवड्यात कळलं, आता काही खरं नाही. अधिक नव्हता, गुडघे दुखत होते, तरी कढई चढवली.

आक्कांना दात उरले नव्हते. अनारसा दुधात बुडवून भरवला. म्हटलं, "आता तर सांगा. मी काय पोलिसात जात न्हाय."

बराच वेळ चघळत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"ग्वाड कमी हाय," म्हणाल्या. "मला हाक मारायची हुतीस."

आणि हसल्या.

याला कबुली म्हणायचं का? मी म्हणत नाही. मला 'मी घातली' एवढे दोनच शब्द हवे होते. ते गिळून बाई निघून गेली. आता मी भांडू कुणाशी? सकाळपासून घरात एवढा राग घेऊन बसलेय, आणि तो द्यायला माणूस नाही.

आक्का, श्रद्धांजली घ्या. भावपूर्णच आहे. राग हाही भावच.

तुमच्या तेराव्याला कढई माझ्याकडे आहे. पहिला अनारसा तुमच्या नावानं सोडणार.

हसला, तर समजेन, येऊन गेलात.